शहरातली फुल मॅरेथॉन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहिल्यांदाच ४२ किलोमीटरच्या भानगडीत पडलेल्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. आधी प्राथमिक, मग शर्यतीच्या दिवसाचे आणि शेवटी नियमांच्या फटीत अडकलेले. एकच गोष्ट दोनदा सांगण्याऐवजी त्या त्या प्रश्नाचा आकडा दिला आहे. सगळं वाचायला वेळ नसेल तर निदान ९ आणि ११ वाचा.

१. मॅरेथॉन म्हणजे नक्की किती? १० किलोमीटरचीही मॅरेथॉन असते ना?

मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरचीच. त्याच दिवशी, त्याच नावाखाली १० आणि ५ किलोमीटरच्याही शर्यती होतात, म्हणून हा घोळ होतो. २१.०९७५ किलोमीटरची ती हाफ. १८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये हे अंतर साधारण ४० किलोमीटर होतं. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये विंडसर कॅसलपासून स्टेडियममधल्या राजघराण्याच्या बैठकीपर्यंत ते २६ मैल ३८५ यार्ड भरलं आणि १९२१ मध्ये तेच अधिकृत ठरलं. शेवटच्या दोन किलोमीटरमध्ये ज्यांना शिव्या घालाव्याशा वाटतात, ते लोक हे.

२. मला सलग पाच किलोमीटरही धावता येत नाही. किती महिन्यांत तयार होईन?

वर्षभर धरा. आधी ५, मग १०, मग एखादी हाफ, आणि त्यानंतर फुलसाठी वेगळे १६ ते २० आठवडे. 'चार महिन्यांत शून्यातून फुल' असे तक्ते सर्रास फिरतात. काही जण ते निभावून नेतातही, पण नडगी आणि गुडघ्याच्या तक्रारी घेऊन येणाऱ्यांत याच लोकांचा भरणा जास्त असतो. दम लवकर वाढतो; हाडं, स्नायुबंध आणि टाचेमागची शीर यांना मजबूत व्हायला त्याहून बराच जास्त काळ लागतो. दम आहे म्हणून अंतर वाढवत नेलं, की हमखास तिथेच बिघडतं.

३. शर्यतीआधी एकदा तरी पूर्ण ४२ धावून बघायला नको का? नाहीतर जमेल हे कळणार कसं?

नको. सरावातला सर्वांत मोठा लाँग रन २८ ते ३२ किलोमीटरचा पुरतो, आणि तो शर्यतीच्या तीनेक आठवडे आधी उरकायचा. त्यापुढचे दहा किलोमीटर सरावात धावून जो फायदा होतो, त्यापेक्षा शरीराची मोडतोड जास्त होते. ती भरून निघेपर्यंत पुढच्या दोन आठवड्यांचा सराव बुडतो. तुमचा पेस, म्हणजे दर किलोमीटरची गती, सावकाश असेल तर किलोमीटर मोजण्यापेक्षा घड्याळ बघा आणि तीन-साडेतीन तासांवर थांबा, मग अंतर २६ भरलं तरी चालेल.

'मग जमेल हे कळणार कसं?' शर्यतीच्या दिवशी कळेल. थोडी धाकधूक राहणारच.

४. शेवटच्या दोन आठवड्यांत सराव कमी केला तर पाय उलट जडच वाटायला लागले. काही बिघडलंय का?

नाही. टेपरमध्ये, म्हणजे शर्यतीआधी सराव कमी करण्याच्या या काळात, बहुतेकांना असं वाटतं. कुठेतरी नवीनच दुखायला लागतं, घसा खवखवल्याचा भास होतो, वजनही वाढतं. स्नायूंत साठणाऱ्या दर ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर (शरीरात साठवलेल्या साखरेबरोबर) साधारण तीन ग्रॅम पाणी साठतं, त्यामुळे एखाद-दोन किलो वाढणं हे साठा भरत असल्याचं लक्षण आहे. या काळातली खरी चूक एकच : धास्तावून 'शेवटचा एक' लाँग रन मारणं.

५. किती वेळ लागेल याचा अंदाज कसा बांधू?

अलीकडच्या हाफच्या वेळेवरून. रीगेलच्या सूत्रानुसार अंतर दुप्पट झालं की वेळ साधारण २.०८५ पट होते. म्हणजे हाफ दोन तासांत झाली असेल तर फुल ४ तास १० मिनिटांत. मात्र हे सूत्र आठवड्याचा सराव भरपूर असणाऱ्यांना लागू पडतं. पहिल्याच फुलला त्यात आणखी पंधरा-वीस मिनिटं घाला. काही हिशेब जवळ ठेवा : ४ तासांसाठी किलोमीटरला ५:४१, साडेचार तासांसाठी ६:२४, ५ तासांसाठी ७:०७, ६ तासांसाठी ८:३२. कट-ऑफ, म्हणजे शर्यत संपवायची मुदत, सहा तासांची असेल तर यातला शेवटचा आकडा लागेल (२० पाहा).

६. कार्बन प्लेटचे बूट घेऊ का?

तुमचा पैसा, तुमची हौस. तळव्यात कार्बनची कडक पट्टी असलेल्या या बुटांनी वेग वाढतो यात शंका नाही. म्हणूनच तर जागतिक संघटनेने रोड शर्यतीसाठी तळव्याची जाडी ४० मिलिमीटरपर्यंत मर्यादित केली. पण साडेचार-पाच तास धावणाऱ्याला मऊ आणि स्थिर बूट जास्त कामाला येतो. ब्रँड कुठलाही असो, शर्यतीच्या दिवशी नवा कोरा जोड घालायचा नाही. किमान एक लाँग रन त्यात झालेला हवा, आणि पुढे अंगठ्याएवढी जागा हवी, कारण पाय सुजतात.

७. आदल्या दिवशी भरपूर खायचं असतं म्हणे. किती?

शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला ८ ते १० ग्रॅम कर्बोदकं, शेवटचे दीड-दोन दिवस. ६० किलोच्या माणसाला हे ४८० ते ६०० ग्रॅम होतात. पोटभर जेवण वाढवून हे साधत नाही. जेवणातलं तेल-तूप, कोंडा आणि प्रथिनं कमी करून त्यांची जागा कर्बोदकांना द्यायची. आदल्या रात्री उशिरा दाबून जेवणं हा सगळ्यांत वाईट प्रकार. त्याचा परिणाम १५ मध्ये वाचा. सकाळी सुटायच्या अडीच-तीन तास आधी हलका नाश्ता करा, आणि तोही लाँग रनच्या आधी खाऊन पाहिलेला असावा.

८. स्टार्टला किती आधी पोहोचावं? तिथे काय चालतं हे कुणी नीट सांगतच नाही.

दीड तास आधी. बॅग जमा करणं आणि टॉयलेटची रांग यातच पाऊण तास जातो.

चित्र सगळीकडे जवळपास सारखंच असतं. उजाडलेलं नसतं. हजारो माणसं, मलमाचा उग्र वास, कर्ण्यावरून कुणीतरी उसन्या उत्साहात ओरडत असतं. शेजारचा माणूस बिबच्या (छातीवर लावायच्या क्रमांकाच्या) पिना तिसऱ्यांदा काढून लावत असतो, कुणी नाडी सोडून पुन्हा बांधत असतं, कुणी डोळे मिटून उभं. नोंदणी करताना दिलेल्या वेळेनुसार तुम्हाला कोरल, म्हणजे उभं राहायचा कप्पा, नेमून दिलेला असतो, तिथेच उभे राहा. वशिला लावून पुढच्या कोरलमध्ये घुसलात तर पहिले पाच किलोमीटर लोकांच्या कोपरांत धावाल. अंगावर एखादा टाकाऊ टी-शर्ट असू द्या, सुटताना काढून टाकता येतो.

मग बंदुकीचा आवाज होतो, आणि काहीच घडत नाही. पुढची गर्दी हलायला दहा-वीस मिनिटंही लागतात. चार पावलं चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं. स्टार्टची कमान जवळ आली की गर्दी सैल होते, पायाखालची वेळ नोंदवणारी मॅट बीप वाजते आणि एरवी गाड्यांनी भरलेला रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत तुमचा असतो. बंदूक झाल्यापासून वाया गेलेल्या मिनिटांची चिंता करू नका (२४ पाहा).

९. पहिल्या दहा किलोमीटरमध्ये मस्त वाटत असेल तर वेळ कमवून ठेवावा का? पुढे दमल्यावर उपयोगी पडेल.

आमच्याकडे सर्वांत जास्त येणारा प्रश्न हाच, आणि सर्वांत जास्त लोक रडतात तेही इथेच. नाही, वेळ कमवून ठेवायचा नाही.

हिशेबच करू. लक्ष्य साडेचार तास, म्हणजे पेस ६:२४. तुम्ही पहिले दहा किलोमीटर प्रत्येकी ३० सेकंद जोरात काढले. कमाई : ५ मिनिटं. त्या जोरापायी साठा लवकर संपला आणि शेवटचे दहा किलोमीटर चालावे लागले. दमलेला माणूस किलोमीटरला बारा मिनिटं तरी घेतो. म्हणजे दर किलोमीटरला ५ मिनिटं ३६ सेकंद गमावली, एकूण ५६ मिनिटं. पाच मिनिटांच्या कमाईपायी जवळजवळ तासभराचा घाटा.

मस्त वाटतं हे खरंच आहे, आणि तोच सापळा आहे. दोन-तीन आठवडे पाय आराम करून आलेले असतात, पोटात साठा भरलेला असतो, भोवती गर्दी आणि ढोल असतात. अशा वेळी ५:५४ चा पेससुद्धा रमतगमत चालल्यासारखा वाटतो. त्या घडीला शरीर जे सांगतं त्यावर विश्वास ठेवायचा नाही, घड्याळावर ठेवायचा. पहिले पाच किलोमीटर ठरवलेल्या पेसपेक्षा दहा-पंधरा सेकंद हळू धावा. शेजाऱ्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. मागून ढिगाने लोक पुढे निघून जातील, जाऊ द्या. त्यातले बरेच जण चौतिसाव्या किलोमीटरला दुभाजकाला धरून मांडी ताणताना भेटतात.

हाफच्या खुणेवर पोहोचल्यावर 'फारच हळू आलो की काय' असं वाटलं, तर तुमचं बरोबर चाललंय. वेग वाढवायचाच असेल तर ३२ किलोमीटरनंतर वाढवा. त्याआधी नाही.

१०. पेसरच्या मागे धावणं चांगलं का?

पेसर म्हणजे फुगा किंवा झेंडा घेऊन ठरलेल्या वेळेत शर्यत पूर्ण करणारा धावपटू. पहिल्या फुलला हो, पण त्या फुग्याला किंवा झेंड्याला चिकटून नको. पाण्याच्या टेबलापाशी पेसरच्या आसपास नुसती झुंबड उडते. वीस-तीस मीटर मागे राहा. आणि सुरुवातीलाच विचारून घ्या : सारख्या पेसने नेणार, की मधे चालत? तो गन टाइम धरून चाललाय की चिप टाइम (२४ पाहा)? साडेचारचा पेसर पहिल्या पाच किलोमीटरमध्ये फारच भरधाव वाटला तर त्याला सोडून द्या. पेसरही माणूसच आहे, तोही चुकतो.

११. पाणी किती प्यायचं? प्रत्येक टेबलवर प्यायलाच हवं ना?

तहान लागेल तसं. 'तहान लागण्याआधीच प्या' हा सल्ला पूर्वी सर्रास दिला जायचा. आता तो मागे पडला आहे, आणि त्याला कारण आहे. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा १३ टक्के लोकांत सोडियमची पातळी नेहमीपेक्षा खाली गेलेली आढळली, आणि त्यातल्या काही थोड्यांत ती फारच खाली होती. शर्यतीत ज्यांचं वजन वाढलं होतं, म्हणजे घामावाटे गेलं त्याहून जास्त पाणी जे प्याले होते, त्यांच्यात हे प्रमाण ठळकपणे जास्त होतं. चार तासांहून जास्त वेळ रस्त्यावर असणाऱ्यांना हा धोका अधिक, कारण त्यांना प्यायला वेळही जास्त मिळतो. डोकं दुखणं, मळमळ, बोटं सुजून अंगठी रुतणं, गोंधळल्यासारखं होणं ही लक्षणं दिसली तर आणखी पाणी पिऊ नका, वैद्यकीय तंबू गाठा.

उकाडा असेल, घाम फार येत असेल तर अर्थातच जास्त लागेल. सरावात तासभर धावण्याआधी आणि नंतर वजन करून पाहा, आपल्याला घाम किती येतो ते कळतं.

आता कप. पाण्याच्या थांब्यावरच्या पहिल्या टेबलवर सगळे तुटून पडतात. शेवटच्या टेबलपर्यंत जा, तिथे गर्दी नसते. कपाचं तोंड बोटांनी चिमटून अरुंद करा, मग पाणी नाकात जात नाही. किंवा सरळ दहा पावलं चाला आणि नीट प्या. टेबलाजवळचा रस्ता ओला आणि चिकट असतो, चिरडलेले कप पडलेले असतात. तिथे घसरून पडणारे दर वर्षी असतात.

१२. जेल घ्यावंच लागतं का? किती आणि कधी?

जेल म्हणजे पुडीतला कर्बोदकांचा घट्ट पाक. तेच हवं असं नाही. पण तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. एका जेलमध्ये बहुधा २० ते २५ ग्रॅम असतात. म्हणजे दर ३० ते ४० मिनिटांनी एक. पहिलं जेल साधारण पाचव्या-सहाव्या किलोमीटरला, भूक नसतानाच घ्या. 'गरज वाटेल तेव्हा घेईन' म्हणणाऱ्याला गरज वाटते तेव्हा ते पोटात उतरत नाही. जेलबरोबर साधं पाणी, गोड पेय नको. दोन्ही एकत्र गेलं की पोट ढवळतं.

१३. 'भिंत लागते' म्हणतात ते नेमकं काय असतं?

धावायला ढोबळमानाने दर किलो वजनाला, दर किलोमीटरला एक कॅलरी लागते. ६५ किलोच्या माणसाला ४२ किलोमीटरसाठी २७०० च्या घरात. स्नायू आणि यकृतात ग्लायकोजेनचा साठा असतो साधारण २००० चा. चरबी भरपूर असते, पण ती सावकाश जळते. साठा तळाला गेला की शरीर वेग तोडतं, तुमची परवानगी न घेता. बहुतेकांना हे ३० ते ३५ किलोमीटरच्या दरम्यान भेटतं.

अनुभव मात्र निव्वळ थकव्याचा नसतो. मेंदूलाही साखरच लागते, त्यामुळे ४२ मधून ३५ वजा करताना अडखळायला होतं. टाळ्या वाजवणाऱ्यांचा राग येतो. रस्त्याकडेचा कुणी भला माणूस 'आता फक्त सातच!' म्हणतो आणि त्याला काहीतरी फेकून मारावंसं वाटतं. उन्हातही हुडहुडी भरू शकते. 'मी हे का करतोय' हा प्रश्न दर शंभर मीटरला पडतो.

उपाय साधेच आहेत. लगेच जेल आणि पाणी, दोन-तीन मिनिटं चालणं, आणि फिनिशचा विचार बंद. पुढचा खांब, मग पुढचा सिग्नल. पंधरा मिनिटांत साखर रक्तात गेली की बऱ्याच जणांना पुन्हा धावता येतं. आणि भिंत लागलीच पाहिजे असं काही नाही. ९ आणि १२ पाळलं तर पुष्कळांना ती भेटतच नाही. पाय दुखणं, स्नायू कडक होणं ही वेगळी गोष्ट. ते सगळ्यांनाच होतं.

१४. मधे चाललो तर मॅरेथॉन 'धावलो' म्हणता येईल का?

येईल. नियमांत चालायला बंदी नाही. पहिल्या किलोमीटरपासूनच ठरवून चार मिनिटं धावणं, एक मिनिट चालणं ही पद्धत जगभर वापरली जाते, आणि शेवटी फरफटत चालण्यापेक्षा ती केव्हाही बरी. चालायचं असेल तेव्हा मागे बघून, हात वर करून, रस्त्याच्या कडेला या. मधेच गचकन थांबू नका, मागचा आदळतो.

१५. मधेच पोट बिघडलं तर?

टॉयलेटला जा. तीन मिनिटं जातात, जाऊ द्या. दाबून धरून धावल्याने त्याहून जास्त जातात. स्टार्टनंतरच्या पहिल्या टॉयलेटला लांब रांग असते, त्यापुढच्याला सहसा नसते. खिशात थोडा टिश्यू पेपर ठेवा. असल्या ठिकाणी कागद आठच्या आत संपलेला असतो.

१६. पायात गोळे येतात. मीठ चाटावं का?

मीठ कमी पडलं म्हणूनच गोळे येतात, हे तितकंसं सिद्ध झालेलं नाही. दमलेला स्नायू सवयीपेक्षा जास्त वेगाने वापरला की तो आखडतो, हे कारण अधिक पटणारं आहे. म्हणजे पुन्हा ९. आला गोळा तर थांबून हलके ताणा, चोळा, मग चाला. झटके देऊ नका.

१७. जांघा सोलवटतात, छातीवर रक्त येतं, नखं काळी पडतात. हे टाळता येतं का?

पहिली दोन पूर्ण टाळता येतात. जांघा, काखा, स्पोर्ट्स ब्राच्या पट्ट्यांखाली पेट्रोलियम जेलीचा भरपूर थर द्या. पुरुषांनी स्तनाग्रांवर टेप लावा. पांढऱ्या टी-शर्टवर दोन लाल ओघळ घेऊन फिनिश करणारे दर शर्यतीत दिसतात. सुती कपडे आणि सुती मोजे नकोत. नखं चार दिवस आधी कापा, बुटात पुढे जागा ठेवा. तरीही एखादं नख जातंच. परत येतं.

१८. शर्यत पाळीच्या दिवसांत आली तर?

धावता येतं, पुष्कळ जणी धावतात. जे वापरणार ते एखाद्या लाँग रनला वापरून पाहा आणि एक जादा जवळ ठेवा. जेलीचा थर इथे दुप्पट. पोटदुखीच्या गोळीबद्दल १९ पाहा.

१९. आदल्या दिवशी ताप आला, गोळी घेऊन धावलो तर? आणि धावताना पेनकिलर?

अंगात ताप असेल तर धावायचं नाही. यात घासाघीस नाही. तापात हृदयाच्या स्नायूलाही सूज असू शकते. नुसतं नाक गळत असेल तर बघा, पेस कमी करा.

आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या शर्यतीआधी किंवा शर्यतीत घेऊ नका. घामाने पाणी कमी झालेलं असताना त्या मूत्रपिंडावर ताण आणतात. शिवाय दुखणं ही माहिती असते, ती बंद करून धावणं धोक्याचं. पाळीसाठी नेहमीची गोळी लागत असेल तर आपल्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा.

हृदयाबद्दलही विचारलं जातं, म्हणून सांगतो. अमेरिकेत २००० ते २०१० दरम्यानच्या हाफ आणि फुल धावणाऱ्या १ कोटी ९ लाख लोकांचा अभ्यास झाला. त्यात हृदय बंद पडण्याच्या ५९ घटना होत्या, म्हणजे साधारण १ लाख ८४ हजारांत एक. प्रमाण अगदी कमी आहे, पण शून्य नाही. छातीत दाब, डावा हात किंवा जबडा दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी : तिथेच थांबा. घरात कुणाला लहान वयात हृदयविकार झाला असेल तर नोंदणीआधी तपासणी करून घ्या.

२०. कट-ऑफ म्हणजे काय? मागून खरंच गाडी येते का?

कट-ऑफ म्हणजे शर्यत संपवायची ठरलेली मुदत, आणि गाडी खरंच येते. रस्ते ठरावीक वेळेला वाहतुकीसाठी उघडावेच लागतात. बहुतेक ठिकाणी फक्त शेवटची वेळ नसते, वाटेतल्या टप्प्यांवरही असते : अमुक वेळेत हाफ, अमुक वेळेत ३० किलोमीटर. ही वेळ कुठून मोजतात, बंदुकीपासून की तुमच्या मॅटपासून, हे आयोजकांच्या नियमावलीत आधीच वाचा. मागच्या कोरलमध्ये असाल तर वीस मिनिटांचा फरक पडतो. गाडीने गाठलं तर फूटपाथवरून पुढे जायची मुभा अनेक ठिकाणी असते, पण मग पाण्याची टेबलं उठलेली असतात.

स्वतःहून सोडायचं केव्हा? नुसता कंटाळा आणि थकवा असेल तर पुढच्या टेबलपर्यंत जाऊन ठरवा. दुखण्यामुळे चाल बदलली असेल, लंगडायला लागला असाल किंवा बोलणं असंबद्ध होतंय असं कुणी म्हणालं, तर लगेच सोडा. बडबड असंबद्ध झालेल्या माणसाला ते स्वतःला कळत नाही. म्हणून शेजारी कुणी तसं दिसलं तर स्वयंसेवकाला हाक मारा.

२१. हेडफोन चालतात का?

नियम शर्यतीगणिक वेगळा आहे, बक्षिसाच्या स्पर्धकांना बहुधा बंदीच असते. माझं मत विचाराल तर नकोत. रस्त्याकडेची माणसं, पाट्या, तुमच्या बिबवरचं नाव वाचून मारलेली हाक, पुलाखालून जाताना शेकडो पावलांचा एकदम मोठा होणारा आवाज, यासाठीच तर शहरातली शर्यत धावायची. गाणी ऐकत धावायला बाकीचं वर्ष आहे. शिवाय मागून येणारी रुग्णवाहिका ऐकू आली पाहिजे.

२२. फिनिश झाल्यावर लगेच बसलं तर चालतं का?

नाही, दहा-पंधरा मिनिटं चालत राहा. अचानक थांबलं की रक्त पायात उतरतं आणि चक्कर येते. फिनिशच्या पुढच्या पन्नास मीटरमध्ये कोसळणारे असेच असतात. पदक घ्या, पाणी घ्या, फॉइलचं पांघरूण मिळालं तर गुंडाळा, कारण घामाचे कपडे पाच मिनिटांत गार पडतात. तासाभरात काहीतरी खा.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दुखणं शिगेला पोहोचतं. जिना चढता येतो, उतरता येत नाही. कठडा धरून उलटं उतरा, कुणी हसलं तरी. पहिला आठवडा धावणं बंद, चालणं चालू. पुढच्या फुलचा विचार तीन-चार महिन्यांनी. पदक मिळाल्यावर येणारी उदासी हीसुद्धा नेहमीची आहे. महिनोन्‌महिने वेळापत्रक हातात असतं आणि एका सकाळी ते संपतं.

२३. माझ्या घड्याळात ४२.७ आलं. आयोजकांनी अंतर चुकीचं मोजलं ना?

बहुतेक नाही. प्रमाणित मार्ग खास मोजणी यंत्र लावलेल्या सायकलने, सर्वांत जवळच्या रेषेवरून मोजतात, आणि तो कमी भरू नये म्हणून हजारात एक, म्हणजे सुमारे ४२ मीटर, जास्तच धरतात. तुम्ही त्या रेषेवरून धावत नाही. वळणं बाहेरून घेता, लोकांना चुकवत नागमोडी जाता, टेबलाकडे वळता. त्यात उंच इमारतींमध्ये जीपीएस भरकटतो. म्हणून पेस ठरवताना घड्याळात ४२.६ धरून ठरवा, नाहीतर '४२.१९५ ला माझे चार तास झाले होते' असं सांगत बसावं लागेल. निकाल कमानीचाच धरतात.

२४. गन टाइम आणि चिप टाइम, माझा खरा कुठला?

स्वतःसाठी चिप टाइम : चिप नोंदते ती, स्टार्टची मॅट ओलांडल्यापासून फिनिशची मॅट ओलांडेपर्यंतची वेळ. पहिल्या क्रमांकांचा निर्णय मात्र सहसा गन टाइमवर, म्हणजे बंदूक झाल्यापासूनच्या वेळेवर, होतो, कारण कमान जो आधी ओलांडेल तो जिंकला. वयोगटाच्या बक्षिसांना काय धरतात ते नियमावलीत बघा. जाता जाता : वेळ खरी असूनही विक्रम न ठरणंही शक्य आहे. २०११ मध्ये बोस्टनला जेफ्री मुताई २:०३:०२ मध्ये धावला, पण तो मार्ग एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे आणि उताराचा असल्याने जागतिक विक्रमासाठी धरला गेला नाही.

२५. मला दुखापत झाली. माझा बिब मित्राला दिला तर काय बिघडतं?

बरंच. बिबमागे रक्तगट आणि आणीबाणीचा फोन नंबर तुमचा असतो. मित्र बेशुद्ध पडला तर फोन तुमच्या घरी जाईल आणि डॉक्टर तुमच्या आजारांची माहिती वाचतील. पकडलं तर दोघांवरही बंदी येऊ शकते. आणि पन्नाशीच्या बाईंचा बिब घालून पंचविशीचा मुलगा धावला तर वयोगटात भलतंच कुणीतरी पहिलं येतं, खऱ्या विजेतीचं पदक जातं. वाटेतल्या चिपच्या मॅट आणि कॅमेरे याचसाठी असतात. १९८० मध्ये बोस्टनला महिलांत पहिली आलेली धावपटू बहुतांश मार्ग धावलीच नव्हती, असं निष्पन्न झालं. तिचं विजेतेपद काढून जॅकलीन गॅरोला दिलं गेलं. तेव्हा चिप नव्हत्या.

अधिकृत हस्तांतर किंवा पुढच्या वर्षावर ढकलण्याची सोय काही शर्यतींत असते, तिची मुदत मात्र बरीच आधी संपते. दुखापत कळताच आयोजकांना लिहा.

२६. शर्यतच रद्द झाली किंवा मधेच थांबवली तर?

होऊ शकतं. २०१२ मध्ये न्यूयॉर्कची मॅरेथॉन सँडी वादळामुळे अगदी दोन दिवस आधी रद्द झाली, आणि २००७ मध्ये शिकागोची उष्म्यामुळे सुरू असताना थांबवली. थांबवली तर थांबा. वैद्यकीय मदत काढून घेतलेली असते. शुल्क परत मिळेलच असं नाही, ते अटींवर ठरतं, म्हणून प्रवास आणि राहण्याचं आरक्षण रद्द करता येईल असंच करा. तयारी झालेली असेल तर तीन-चार आठवड्यांच्या आतली दुसरी शर्यत शोधा. मधल्या काळात एखादा मध्यम लाँग रन करून पुन्हा छोटा टेपर घ्या.

२७. मी पूर्ण केली, पदक मिळालं, पण निकालात माझं नावच नाही.

बहुतेक वेळा चिप बिबवर असते आणि बिब पट्ट्याखाली, जॅकेटखाली दुमडला गेलेला असतो, किंवा पिना नेमक्या चिपमधून टोचलेल्या असतात. कधी वाटेतली एक मॅट चुकते, आणि मग यंत्रणा तुमचा निकाल शंकास्पद म्हणून बाजूला ठेवते. निकाल कायम होण्याआधी आक्षेप नोंदवायची मुदत असते, ती बघा. अर्जासोबत बिब क्रमांक, घड्याळातली धावेची नोंद आणि मार्गावरच्या फोटोंचे क्रमांक पाठवा; सोबत धावलेल्या कुणाचा बिब क्रमांक दिला तर त्यांच्या नोंदीवरून तुमची वेळ ताडून बघता येते. बिब फेकून देऊ नका, निदान निकाल कायम होईपर्यंत तरी.